शफल बंद करा!

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दहा रुपये फाइन असायचा. तो भरून भरून माझं मराठी जेवढं झालं, तेवढंच झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर मराठी विभागाच्या संपादकांनी मला आधीच माफ केलंय, तुम्हीही करा. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गाणी! त्यातही पिक्चरच्या आधाराशिवाय, मोठ्या कंपनीच्या आशीर्वादाशिवाय, बरेचदा स्वतःच्या खिशाला चाट लावून केलेली गाणी. ज्याला आपण रुबाबात 'इंडी' म्हणतो.

आता आपल्या हॉस्टेलचं एक दृश्य बघा. सबमिशनची रात्र. एका जर्नलवरून सहा जण उतरवून घेतायत. कॉरिडॉरमध्ये ब्लूटूथ स्पीकर. गाणं सुरू होतं, दहा सेकंद वाजतं, आणि कुणीतरी ओरडतं, "पुढचं लाव रे!" पुढचं लागतं. परत, "हे नको, पुढचं!" तासाभरात चाळीस गाण्यांची सुरुवात ऐकून होते आणि शेवट एकाचाही नाही. म्हणजे मेसमध्ये प्रत्येक भाजीत बोट बुडवायचं आणि ताट न वाढून घेताच 'जेवलो' म्हणायचं, तसंच हे. आणि वर सगळ्यांच्या टी-शर्टवर कुठल्या ना कुठल्या बँडचं नाव!

मीही त्यातलाच. पण या वर्षी एक प्रयोग केला. सहा अल्बम निवडले आणि प्रत्येक पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, शफल बंद करून, क्रमानं ऐकला. काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी काही समीक्षक नाही. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये कसाबसा सुटलेला मुलगा आहे.

सुरुवात दणक्यानं करू. ब्लडीवूड. दिल्लीचा मेटल बँड. यांनी सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या गाण्यांची टिंगल करणारी मेटल कव्हर्स इंटरनेटवर टाकून. गिटारवाला करण कटियार आधी वकिली करायचा. २०२२ साली त्यांनी 'रक्षक' हा अल्बम स्वतःच काढला. त्यात ढोल आहे, बासरी आहे, आणि 'जी वीरे'सारखं डिप्रेशनवरचं गाणं आहे. आपल्याकडे 'टेन्शन नको घेऊ, चहा पी' याच्यापलीकडे या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणून ते गाणं मला महत्त्वाचं वाटतं. २०२५ साली त्यांचा 'नू देल्ही' आला, या वेळी एका अमेरिकन लेबलकडून. त्यात जपानचा बेबीमेटल हा बँड एका गाण्यात आहे आणि 'तडका' हे चक्क खाण्यावरचं गाणं आहे. मजा येते, मान डोलते. पण खरं सांगू? 'रक्षक'मध्ये जो राग होता, तो इथे थोडा मवाळ झालाय. नाचायला 'नू देल्ही', एकट्यानं ऐकायला 'रक्षक'.

दुसरा, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. हेही दिल्लीचेच. नाव कंपनीचं, पण आहे बँड. २०१९ चा 'बिस्मिल्लाह' आणि २०२४ चा 'बीटा'. यांचं संगीत कशात बसवायचं हेच मला कळत नाही. जुन्या काळच्या हॉटेलात सूट घालून गाणारा गायक, त्यात मधेच लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड, आणि वर थोडी डिस्कोची फोडणी. पहिल्यांदा 'बीटा' ऐकताना मला झोप आली, खोटं कशाला बोला! दुसऱ्यांदा कॉलेजवरून स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून ऐकला आणि तिसऱ्या गाण्याला स्टॉप चुकला. काही अल्बम दुसऱ्या भेटीतच बोलतात. शफलवाल्यांची ही दुसरी भेट होतच नाही, हा माझा मुद्दा.

तिसरा, सीधे मौत. 'लंच ब्रेक', २०२३. तीस ट्रॅक्स! मित्रांनो, तीस! माझं मत असं की यातले दहा-बारा काढले असते तर हा मिक्सटेप फार भारी झाला असता. त्याआधीचा, २०२२ चा 'नयाब' मला जास्त आवडतो, कारण तो एखाद्या गोष्टीसारखा पुढे पुढे जातो. इथे आमच्या विंगमधले सीधे मौतचे भक्त मला मारायला धावतील. या, रूम नंबर ११४. पण येण्याआधी तीसच्या तीस ट्रॅक्स ऐकून या. तेवढं केलेला एकही भक्त मला अजून भेटलेला नाही.

चौथा अल्बम ऐकताना मात्र गंमत करावीशी वाटत नाही. मुंबईत 'स्वदेशी' नावाचा ग्रुप आहे. त्यात एक हिंदीत रॅप करतो, एमसी मवाली मराठीत, आणि एक गुजरातीत करायचा. आरेच्या जंगलावर त्यांनी २०१९ मध्ये 'वारली रिव्होल्ट' केलं, आरेतच राहणाऱ्या वारली समाजाच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. याच ग्रुपमधला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार. 'गली बॉय'मधल्या 'इंडिया ९१' या गाण्यात तो आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचा स्वतःचा अल्बम आला, 'ट्रुथ अँड बेस'. आणि त्याच महिन्यात तो गेला. वय चोवीस. आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. हा अल्बम ऐकताना सारखं वाटत राहतं की हा पहिला होता, शेवटचा नव्हता. तालाची त्याची समज जबरदस्त, शब्द तालात असे बसतात की गुजराती कळलं नाही तरी कळतं. त्याला जिवंतपणी किती जणांनी पूर्ण ऐकलं असेल? मी नव्हता ऐकला.

'इंडिया ९१'मध्येच अमरावतीचा शंभर आरबीएच पण आहे. तो वऱ्हाडीत रॅप करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला, कॉन्व्हेंटच्या पोराला, धक्काच बसला. ज्या बोलीत बोललं की आमच्या वर्गात पोरं खिदळायची, त्याच बोलीत हा माणूस माइकवर उभा राहून बिनधास्त बोलतोय, आणि कूल वाटतोय! मी फाइन भरून जे विसरायला शिकलो, ते त्यानं चारचौघांत मिरवलं. हे कुठलंही पुस्तक मला शिकवू शकलं नसतं.

पाचवा अगदी दुसऱ्या टोकाचा. गणव्या. न्यूयॉर्कला जन्मलेली, तामिळनाडूत वाढलेली, हरिकथेच्या आणि वारकरी परंपरेत गाणं शिकलेली गायिका. तिचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल' २०२४ मध्ये बर्लिनच्या एका छोट्या लेबलनं काढला. यात जॉन कोल्ट्रेन या जॅझच्या महापुरुषाची रचना भजनासारखी येते. हा अल्बम स्पीकरवर लावू नका, हेडफोन घ्या आणि गच्चीवर जा. गाणारी माणसं एका खोलीत बसलेली आहेत आणि आपण दारात उभे आहोत, असं वाटतं. आमच्या आजोळी एकादशीला भजन असायचं, तेव्हा मी आत न जाता बाहेर मोबाइलवर गेम खेळत बसायचो. हा अल्बम ऐकून त्या ओसरीची आठवण आली.

सहावा नवा नाही, पण त्याच्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. इंडियन ओशनचा '१६/३३० खजूर रोड', २०१०. मी तेव्हा बालवाडीत होतो. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात बँडचा सराव चालायचा, त्याचा हा पत्ता. गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज असलेला हा अल्बम बँडनं एकेक गाणं करत इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. इतका मोठा बँड, आणि फुकट! का? तर गाणं लोकांपर्यंत पोचू दे, पैसे कार्यक्रमांतून बघू.

आता इंजिनिअर आहोत, तर थोडा हिशेब करू. स्पॉटिफायवर गाणं निदान तीस सेकंद वाजलं तरच ते मोजलं जातं. म्हणजे आपल्या कॉरिडॉरमधल्या 'पुढचं लाव'ची त्या गायकाच्या खात्यात किंमत शून्य. शिवाय २०२४ पासून त्यांचा नियम असा की बारा महिन्यांत जे गाणं हजार वेळाही वाजलं नाही, त्या रेकॉर्डिंगला पैसेच नाहीत. मोठ्या स्टारला हजार म्हणजे काहीच नाही. नवख्याला हजार म्हणजे डोंगर. याउलट बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम विकत घेतला तर साइट साधारण पंधरा टक्के ठेवते, बाकी बहुतेक पैसा कलाकाराकडे जातो. टपरीवर महिन्याला आपण किती उडवतो ते प्रत्येकानं मनातल्या मनात मोजावं.

काही जण म्हणतील, इंडी आहे म्हणून चांगलंच असतं का? मुळीच नाही. कितीतरी इंडी गाणी म्हणजे एक गिटार, एक ब्रेकअप आणि भरपूर इको. पिक्चरच्या गाण्यांत अप्रतिम गाणी आहेत, मीही ऐकतो. माझं म्हणणं एवढंच की वाईट म्हणायचं असेल तरी आधी पूर्ण ऐका. पेपर न वाचता मार्क देणारे सर आपल्याला चालतात का? (सर, रागावू नका, उदाहरण आहे.)

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिला, ते.

माझा रूम पार्टनर गाणी करतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता त्यानं पाच मराठी गाणी रेकॉर्ड केली, आमच्याच रूममध्ये. खिडकीला रजई, दाराला गादी, पंखा बंद, आणि मेसचा भोंगा वाजला की पुन्हा पहिल्यापासून. गाणी अपलोड केली त्या दिवशी विंगमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही म्हणालो, "लई भारी झालंय रे!" रात्री त्यानं सहज विचारलं, "तिसरं कसं वाटलं?" मी म्हटलं, "तेच तर बेस्ट आहे." तो काही बोलला नाही. दिवा बंद करून झोपला.

महिन्याभरानं, लाज वाटून, मी तिसरं गाणं ऐकलं. त्यात गाणं नाहीच. त्याच्या गावच्या एसटी स्टँडवरचा आवाज आहे. गाड्यांची घोषणा, शेंगदाणेवाला, आणि शेवटी त्याच्या वडिलांचं एकच वाक्य, "पोचलास की फोन कर." बस्स. म्हणजे मी ऐकलेलं नाही, हे त्याला त्याच रात्री कळलं होतं. आणि तरी तो सकाळी माझ्यासाठी मेसमधून पोहे घेऊन आला होता.

पाचातल्या एकाही गाण्यानं हजाराचा आकडा गाठलेला नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये तीनशे पोरं आहेत. प्रत्येकानं चार वेळा ऐकलं तर बाराशे होतात. चार वेळा! आपण एकच मीम दिवसात तेवढ्यांदा बघतो. सेमिस्टर सुरू झाल्यावर त्यानं माइक खोक्यात भरून कॉटखाली सरकवला. विचारलं तर म्हणतो, "प्लेसमेंटनंतर बघू." प्लेसमेंटनंतर काय होतं, ते आपल्या सीनियर्सना विचारा.

म्हणून दोन सूचना. पहिली गॅदरिंगच्या कमिटीला. स्टार नाइट जरूर करा, आम्हीही नाचू. पण त्याच स्टेजवर, त्याच साउंडवर, पाऊण तास स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांना द्या. सकाळी अकराला रिकाम्या खुर्च्यांसमोर नको, संध्याकाळी द्या. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमध्ये 'लाइव्हवायर' ही बँड्सची स्पर्धा असते. आपल्याला एवढं मोठं जमणार नाही, पण पाऊण तास नक्की जमेल. कल्चरल बघणाऱ्या सर-मॅडमनी एवढं मनावर घ्यावं.

दुसरी सूचना तुम्हाला. दर शनिवारी रात्री नऊ वाजता कॉमन रूममध्ये एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोबाइल दाराशी टोपलीत. आवडला नाही तर संपल्यावर मनसोक्त शिव्या घाला, मधे नाही. रेक्टर सरांची परवानगी मी काढतो. पहिल्या शनिवारी कुठला अल्बम लागणार हे तुम्ही ओळखलंच असेल. पाचच गाणी आहेत, वीस मिनिटांत संपतात. तिसऱ्याला कुणी 'पुढचं लाव' म्हटलं तर गाठ माझ्याशी आहे.

माझ्या रूम पार्टनरला यातलं काही माहीत नाही. हा अंक छापून येईल तेव्हाच कळेल. तोपर्यंत कॉटखालच्या खोक्यावरची धूळ मी पुसून ठेवतो.

– टी. ई. (ई अँड टीसी), रूम नं. ११४