दोन शब्दांचे पाच डॉलर

मुलांनो, मासिक काढायला काय काय लागतं? गोष्टी, चित्रं, कागद, छपाई. आणि हो, पैसे! पण गोष्टींसाठी एक छदामही नसताना मासिक निघालं तर? अमेरिकेत अशी एक सोडून दोन मासिकं निघाली होती. त्यांचीच ही हकिगत.

साल १९४१, शहर न्यूयॉर्क. डोनाल्ड वोलहाइम हा २६ वर्षांचा तरुण विज्ञानकथांनी पार झपाटलेला. एका प्रकाशकाने त्याला संपादक केलं, पण अट अजब! संपादकाला पगार नाही, लेखकांना मानधन नाही. मासिकं चालली, तर पुढे पाहू! वोलहाइम तयार झाला, कारण त्याच्या पाठीशी होती दोस्तमंडळी. 'फ्यूचरियन्स' नावाच्या त्यांच्या मंडळात बरेच जण गोष्टी लिहायचे. झालं! फेब्रुवारीत 'स्टरिंग सायन्स स्टोरीज' आणि मार्चमध्ये 'कॉस्मिक स्टोरीज'चा पहिला अंक आला.

त्यातला सिरिल कॉर्नब्लुथ तर अवघा १७ वर्षांचा, म्हणजे तुमच्या बारावीतल्या दादाएवढा! त्याने निरनिराळ्या टोपणनावांनी गोष्टींचा धडाका लावला. १८ वर्षांच्या डेमन नाइटची पहिली गोष्टही इथेच छापली गेली. पण गंमत बघा, पहिल्याच वाक्यात 'ब्रिटल'चं 'लिटल' झालं. ठिसूळ माणसं एकदम छोटी माणसं झाली आणि गोष्टीचा अर्थच हरवला!

रोबोटच्या गोष्टींमुळे पुढे जगभर गाजलेला आयझॅक असिमोव्ह तेव्हा २१ वर्षांचा होता. त्यानेही मैत्रीखातर एक गोष्ट फुकट दिली. हे कळल्यावर 'कॉमेट' मासिकाचे संपादक ट्रीमेन भडकले. त्यांचं म्हणणं असं, की फुकटच्या गोष्टींची मासिकं खपली, तर पैसे देणाऱ्या मासिकांचे वाचक कमी होणार. मग लिहिण्यावर पोट असणाऱ्यांनी काय करायचं?

असिमोव्हला ते पटलं. त्याने वोलहाइमला कळवलं, "थोडे तरी पैसे दे, नाहीतर माझं नाव छापू नकोस." वोलहाइमने कुरकुरत पाच डॉलर पाठवले. चांगली मासिकं तेव्हा शब्दामागे साधारण एक सेंट देत. म्हणजे पाच हजार शब्दांच्या गोष्टीला पन्नास डॉलर. इथे पाच डॉलर मिळाले, तेही नावासाठी. नावाचे शब्द दोन, म्हणजे शब्दामागे अडीच डॉलर! करा बरं हिशेब.

पुढे काय झालं? 'कॉस्मिक'चे तीनच अंक निघाले, 'स्टरिंग'चे चार. मार्च १९४२ मध्ये खेळ संपला. पण पैसे देणारं 'कॉमेट' तरी कुठे टिकलं? तेही पाच अंकांनंतर जुलै १९४१ मध्येच बंद पडलं होतं. वोलहाइमने मात्र हार मानली नाही. १९७१ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, 'डॉ बुक्स'.

आता सांगा, चूक कोणाची? शाळेच्या हस्तलिखितात आपण हौसेनं लिहितो. तिथे कोणी पैसे मागत नाही, कारण कोणी कमावतही नाही. पण ही मासिकं दुकानात विकायला होती. दुसरीकडे असंही वाटतं, की ती निघालीच नसती, तर त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना एवढी जागा दिली असती कोणी?

आज जेवताना आईबाबांना हा प्रश्न घाला. घरात दोन पक्ष पडले, तर घाबरू नका. दोघांचंही नीट ऐका, आणि मग तुमचं मत ठरवा!