गृहसंगणक : पेन ड्राइव्ह सोडवितांना

आमच्या घरीं लिनक्सचा संगणक एक व तो वापरणारीं माणसें नऊ; खातें मात्र प्रत्येकाचें निराळें. गेल्या महिन्यांत आमच्या काकांनीं कुलवृत्तान्ताच्या जुन्या कागदांचीं छायाचित्रें पेन ड्राइव्हवर उतरावयास लावलीं, आणि खातें तसेंच उघडें ठेवून ते जेवावयास गेले. वहिनींनीं आपल्या खात्यांतून ड्राइव्ह सोडवूं पाहिला, तों परवानगी नसल्याचा निरोप आला. अखेर चिरंजीवांनीं तो सरळ उपटला! चौदा छायाचित्रें अर्धवट राहिलीं. मूळ कागद शाबूत होते म्हणून निभावलें.

यांत संगणकाचा हट्ट नाहीं. ड्राइव्ह ज्याच्या खात्यांतून जोडला गेला, त्यासच तो सहज सोडवितां येतो. इतरांनीं हात घातला तर 'पॉलकिट' नांवाचा द्वारपाल व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतो. कारण उघड आहे. पडद्यावर काम संपलेलें दिसलें तरी कांहीं मजकूर स्मृतींतच रेंगाळत असतो. तो ड्राइव्हवर पुरता उतरला अशी खात्री सोडविण्याच्या वेळींच होते. तेव्हां काकांच्या खात्यांत जाऊन सोडविणें हाच उत्तम मार्ग. तें न जमल्यास व्यवस्थापकानें 'सुडो यूमाउंट' ही आज्ञा द्यावी. (अनमाउंट नव्हे, मधला 'न' गाळलेला आहे, व आम्हीं स्वतः तेथें अनेकदां ठेंचाळलों आहों.)

ड्राइव्ह 'व्यस्त' असल्याचा निरोप आल्यास तो परवानगीचा प्रश्न नव्हे; कोणता तरी प्रोग्राम त्यावरील फाइल धरून बसलेला असतो. 'फ्यूझर' ही आज्ञा तो दाखवून देते. तो बंद करावा. सर्वांस सर्व मोकळीक देणारी 'सीएचमॉड'ची आज्ञा कित्येक जण येथें वापरतात, पण सोडविण्याच्या अधिकाराशीं तिचा संबंध नाहीं.

ज्या घरीं हार्ड डिस्कची नोंद 'एफएसटॅब' या फाइलींत केलेली असते, तेथें मौज निराळीच. त्या नोंदींत 'यूझर' शब्द नसेल तर जोडणें-सोडणें केवळ व्यवस्थापकाच्या हातीं राहतें. 'यूझर' लिहिल्यास जोडील त्यानेंच सोडवावी. 'यूझर्स' लिहिल्यास कोणींही. एका अक्षराचा फरक! एकत्र कुटुंबास आमच्या मतें दुसरा शब्द सोयीचा. आम्हीं घरच्या डिस्कच्या नोंदींत तोच घातला आहे. पेन ड्राइव्हची तशी नोंद नसल्यानें वहिनींस व्यवस्थापकाचा पासवर्ड सांगून ठेवला.

चौदा कागदांचीं छायाचित्रें पुन्हां घेण्याचें काम चिरंजीवांकडे आहे. आजवर पांच झालीं.