फॉल्स की नॉट गिव्हन?

शनिवार दुपारची टिटवाळा लोकल. कल्याणला डबा जरा रिकामा झाला आणि समोरच्या दोघींनी आयईएलटीएसच्या रीडिंगचा पंचनामा सुरू केला. 'अगं, सत्तावीसला काय टाकलंस?' 'फॉल्स.' 'वेडी आहेस का? नॉट गिव्हन होतं ते!' शहाड गेलं, आंबिवली गेलं, सत्तावीस काही सुटेना.

बॉस, या पेपरातला व्हिलन हाच. तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उतारा विधानाच्या उलट बोलत असेल तर फॉल्स, त्याबद्दल गप्प असेल तर नॉट गिव्हन. सोप्पंय ना? आता बघा. उताऱ्यात लिहिलंय, टिटवाळ्याच्या महागणपतीला अंगारकीला तोबा गर्दी होते. विधान येतं, 'इतर दिवशी देऊळ रिकामं असतं.' टिटवाळेकर छातीठोकपणे फॉल्स टाकणार. त्याला माहितीये हो, पण उताऱ्याला कुठे माहितीये? एरवी आपण सगळं अंदाजानेच वाचतो. बॉसचा दोन ओळींचा मेल, 'तिचा' नुसता 'हं'... इथे मात्र अंदाज बंद!

त्यात अकॅडमिकला साधारण ३० बरोबर आले तर ७ बँड, २९ ला ६.५. ज्या कोर्सला रीडिंगमध्ये ७ च हवेत, तिथे अर्ज लटकला. आणि रिझल्टमध्ये येतो फक्त बँड. उत्तरं कुणी दाखवत नाही, त्यामुळे सत्तावीसचा निकाल त्या दोघींना कधीच लागायचा नाही.

बाकी, चुकीला मार्क कापत नाहीत. एखादा प्रश्न कोरा सोडून आलेला मित्र भेटलाच, तर त्याला बिनधास्त झापा.