पोटांतील विरजण

पेरणीपूर्वीं तुरीच्या व सोयाबीनच्या बियाण्यास जिवाणू-खत चोळून तें सावलींत सुकविण्याची रीत आपणां शेतकरी बांधवांच्या आतां अंगवळणीं पडली आहे. हें खत उन्हांत ठेवूं नये, विषारी औषधांत कालवूं नये, आणि ज्या रानांत शेणखताचा अंश नाहीं तेथें त्याचा गुण फारसा येत नाहीं, हेंही सर्वांस ठाऊक आहे. परंतु जो न्याय जमिनीस तोच पोटास, हें मात्र आपण विसरलों आहोंत. मी डॉक्टर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. सबब शास्त्राची गोष्ट जाणत्यांच्या आधारानें व गांवची गोष्ट स्वतः पाहिलेली, तेवढीच सांगतों.

मनुष्याच्या देहांत, मुख्यत्वें मोठ्या आंतड्यांत, सुमारें ३८ लक्ष कोटी जिवाणू वसतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं मांडला. त्या सर्वांचें वजन मात्र पाव किलोहून कमी. धान्याचा व भाजीचा जो तंतुमय भाग आपणांस पचत नाहीं, त्यावर त्यांची उपजीविका चालते. त्यापासून जीं सौम्य आम्लें निपजतात, तीं आंतड्याच्या अस्तरास पोषण देतात. रोगजंतूंस ठाव मिळूं न देणें, हेंही या जिवाणूंचेंच काम होय.

बल्गेरियांतील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचें श्रेय त्यांच्या आंबट दुधास आहे, असें मत मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं मांडलें होतें. त्याचीं सर्वच अनुमानें टिकलीं नाहींत. पण विषय टिकला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ओडिशाच्या खेड्यांतील साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांपैकीं कांहींस एक निवडक जिवाणू व त्याचें खाद्य देण्यांत आलें. तें न मिळालेल्या बालकांत गंभीर जंतुदोष किंवा मृत्यु यांचें प्रमाण शेंकडा ९ होतें. मिळालेल्यांत तें ५.४ वर आलें. तेव्हां हें थोतांड नव्हे. तथापि तो गुण त्या एका पारखलेल्या जातीचा, दुकानांतील प्रत्येक पुडीचा नव्हे. आणि जिवाणूंबरोबर त्यांचें खाद्यही दिलें होतें, हें विसरूं नये.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या नातवास साधी सर्दी झाली. घरच्यांनीं मागील दुखण्यांतील उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या त्यास दिल्या, आणि चौथ्या दिवशीं त्यास हगवण लागली. सर्दी विषाणूंची, तीवर ह्या गोळ्या चालत नाहींत, उलट पोटांतील उपकारक जिवाणू मात्र मरतात, असें डॉक्टरांनीं समजाविलें. उभ्या पिकावर आपल्याच हातानें तणनाशक मारावें, तसा हा प्रकार. जलसंजीवनी पाजून मूल बरें झालें. त्या दिवसांत शेजारी महागड्या पुड्यांचीं नांवें सुचवीत होते; पण ताकाचें नांव कोणी काढीना. कारण, आमच्या आळींत एकाही घरीं ताक नव्हतें!

हें कसें झालें? कारकुनींत असतां पीकपाहणीचे कागद माझ्या हातांखालून गेले. ज्वारीच्या नांवावरील क्षेत्र वर्षानुवर्षें सोयाबीनच्या रकान्यांत सरकतांना मीं पाहिलें. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची लाल कंधारी गाय गेली. गाय गेली आणि ताक गेलें. गेल्या येळवशीस आम्ही रानांत आंबील नेली खरी, पण तिचें पीठ विकतचें व ताक पिशवींतलें! ज्या कंधार तालुक्याच्या नांवानें गाईची जात ओळखली जाते, तेथें ही स्थिति, याची खंत वाटते.

ज्वारी परवडत नाहीं, पांखरें व रानडुकरें खातात, काढणीस मजूर मिळत नाहीं, हे आक्षेप खरे आहेत. रोख पैसा सोयाबीन देतें, हेंही मान्य. म्हणून सर्व रान ज्वारीखालीं आणा, असें मी म्हणत नाहीं. घरखर्चापुरते दहा-वीस गुंठे तरी रबी ज्वारीस राखावे, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनीं तीं एका सलग पट्ट्यांत पेरावीं, म्हणजे पांखरांचें नुकसान विभागलें जाईल व राखणही एकत्र होईल. आपल्या संस्थेनें बियाणें व मळणीयंत्र यांची सोय करून हा प्रयोग एका गांवीं तरी करून पाहावा.

घरांत आंबील येळवशीपुरती न राहतां वरचेवर व्हावी. शिजवितांना तींतील जिवाणू मरतात, याकरितां ती निवल्यावर वरून ताजें ताक घालावें. प्रतिजैविक डॉक्टरांवांचून घेऊं नये. अपुऱ्या दिवसांचें मूल किंवा फार अशक्त रोगी यांस जिवाणूंची पुडीही त्यांच्या सल्ल्यावांचून देऊं नये.

जमिनीचा कस वाढविण्यासाठीं आपण जिवाणू विकत आणतों. पोटाचें विरजण मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरचें होतें. तें विकत घेण्याची वेळ आपण आपल्यावर आणूं नये, इतकेंच सांगणें आहे.