‘स्मिथ म्हणजेही लोहारच ना?’ म्हणणाऱ्यांनी हेअरवुड हे आडनाव वाचावे

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने परवा मोबाईल पुढे केला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्याला मला दाखवायचा होता. मेसेजचा मतलब असा : इंग्लंडमध्ये स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार; तिकडे आडनावावरून कोणी रडत नाही; मग इथेच काही लोक आडनावाचा एवढा बाऊ का करतात? खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ‘काही लोक’ म्हणजे कोण, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना कळत होते. मुलाने विचारले, “ताई, याला काय उत्तर देऊ?”

मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, हे घरी आल्यावर जाणवले. हा मेसेज केवळ आपल्याला चिडवत नाही. तो आपल्यापुढे एक खोटा इतिहास ठेवतो : आडनाव ही कुठेही निरुपद्रवी गोष्ट असते आणि इंग्लंड हा त्याचा पुरावा आहे. मित्रहो, या पुराव्याची नीट उलटतपासणी केली पाहिजे, आणि ती इंग्लंडमध्येच जाऊन केली पाहिजे.

आधी मेसेजमधले खरे ते मान्य करू. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या तीन-साडेतीन शतकांत तिथे वंशपरंपरेने चालणारी आडनावे हळूहळू रुळली. काही धंद्यावरून आली, काही बापाच्या नावावरून, काही टोपणनावावरून आणि काही गावावरून. स्मिथ हे इंग्लंडमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, आणि ते लोहारकामावरूनच आले. इथवर ठीक.

पण स्मिथच्या पोराने ऐरणीपाशीच बसावे असे कोणत्या धर्मग्रंथाने सांगितले होते? टेलरच्या मुलीने पॉटरच्या मुलाशी लग्न केले म्हणून तिकडे कोणत्या गावाने त्या जोडप्याला बहिष्कृत केले? तिकडे धंदा सुटला आणि आडनाव मागे राहिले. इथे धंदा सुटला, गाव सुटले, धर्मही बदलला, तरी घर भाड्याने मागताना “पूर्ण नाव काय?” हा प्रश्न येतोच. जाधव किंवा गायकवाड सांगितले तर पुढचा प्रश्न “कुठले जाधव?” म्हणजे आडनावातून जात कळली नाही, तर ती खोदून काढायची सोय तयार असते. स्मिथ आणि आपले आडनाव यांत शब्दाच्या उगमाचे साम्य आहे. व्यवस्थेचे साम्य नाही.

बहुतेकजण इथे थांबतात. मला थांबायचे नाही, कारण इंग्रजी आडनावे निरुपद्रवी होती हे त्या मेसेजचे दुसरे गृहीतक अजून तसेच उभे आहे. ते पाडायचे तर स्मिथ उपयोगाचे नाही. स्मिथ सगळीकडे आहेत, त्यामुळे त्यांचा माग लागत नाही. माग काढायला दुर्मीळ आडनाव लागते.

दुर्मीळ आडनावाची गंमत अशी की ते बहुधा एखाद्याच गावातून किंवा एखाद्याच परगण्यातून निघालेले असते. त्यामुळे नकाशावर त्याचे मूळ शोधता येते. १८९० मध्ये हेन्री गपी नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटनमधली आडनावे कोणत्या भागातली, यावर एक पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने कोणाची नावे मोजली? शेतकऱ्यांची. कारण हा वर्ग पिढ्यानपिढ्या एका जागी टिकून राहतो, असे त्याचे म्हणणे. अभ्यासपद्धती म्हणून यात तर्क आहे. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारेल : मग पोटासाठी फिरणारे मजूर कुठे गेले? घरगडी कुठे गेले? आणि इंग्लंडच्या बाहेर इंग्लंडचीच आडनावे लावून जगणारे लोक कुठे गेले? आडनावाचा नकाशा कोणाला मोजायचे हे ठरवूनच काढला जातो.

आता हेअरवुड हे आडनाव घेऊ.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये लीड्स शहराजवळ हेअरवुड नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ जुन्या इंग्रजीत ‘राखाडी रान’ किंवा ‘सशांचे रान’ असा लावतात. १०८६ च्या डूम्सडे पाहणीतही हे गाव नोंदलेले आहे. याच नावाची ठिकाणे इंग्लंडमध्ये इतरत्रही आहेत. गावावरून आडनाव पडण्याची रीत आपल्याला समजावून सांगायला नको. गावात राहणाऱ्याला कोणी गावाच्या नावाने ओळखत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला तिथले लोक ‘तो अमुक गावचा’ म्हणतात. हेअरवुड सोडून गेलेला तो हेअरवुड. इंग्लंडमध्ये हार्वुड हे मिळतेजुळते आडनाव बऱ्यापैकी आढळते. मधल्या अक्षरासह लिहिलेले हेअरवुड मात्र मोजक्या लोकांचे.

मग आज हेअरवुड आडनावाची माणसे कुठे सहज भेटतात? कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर. शेजारच्या त्रिनिदादमध्ये. आणि ती माणसे कृष्णवर्णीय आहेत. यॉर्कशायरच्या रानाचे नाव हजारो मैल दूर आफ्रिकी वंशाच्या माणसाच्या दारावर कसे पोचले? हा प्रश्न विचारला की निरुपद्रवी आडनावाचे सोंग गळून पडते.

हेन्री लॅसेल्स नावाचा यॉर्कशायरचा एक माणूस अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बाडोसला गेला. तिथे तो जकातीचा अधिकारी होता. साखरेचा व्यापार केला, मळेवाल्यांना कर्जे दिली, अमाप पैसा केला. त्या पैशातून त्याने हेअरवुडची जमीनजहागीर विकत घेतली. त्याचा मुलगा एडविन याने १७५९ मध्ये तिथे वाड्याचे बांधकाम सुरू केले. कर्ज फेडू न शकलेल्या मळेवाल्यांचे मळे पुढे या घराण्याच्या ताब्यात आले, आणि मळ्याबरोबर मळ्यावरची गुलाम माणसेही आली. सावकारी काय असते हे आपल्याला माहीत आहे. इथे तारणात माणसे होती. १७९० मध्ये एडविन ‘बॅरन हेअरवुड’ झाला. १८१२ मध्ये घराण्याला ‘अर्ल ऑफ हेअरवुड’ ही पदवी मिळाली. आडनाव लॅसेल्स, पदवी हेअरवुड. गंमत म्हणजे उमराव घराणे पदवीचा उच्चार ‘हार्वुड’ करते आणि गावाला लोक ‘हेअरवुड’ म्हणतात.

तिकडे बार्बाडोसमध्ये १६६१ सालीच गुलामांवरचा कायदा झाला होता. त्यात आफ्रिकी माणूस ही मालमत्ता होती. १८१७ पासून तिथे गुलामांच्या सरकारी नोंदवह्या ठेवल्या गेल्या. त्यांत माणसाचे एकेरी नाव, वय, रंग, काम. आडनावाचा पत्ता नाही, कारण मालमत्तेला आडनाव कशाला? आफ्रिकेतून आणताना त्यांची स्वतःची नावे आधीच पुसलेली होती. मुक्ती आली तेव्हा चर्चच्या आणि सरकारच्या वह्यांना आडनाव हवे झाले. मग कोणाला मालकाचे नाव, कोणाला मळ्याचे, कोणाला मुकादमाचे. कोणाच्या वाट्याला मालकाची पदवी. प्रत्येक हेअरवुडची कहाणी एकच असेल असे मी म्हणत नाही. पण हे आडनाव बार्बाडोसला यॉर्कशायरच्या शेतकऱ्याच्या रक्तातून पोचले नाही. ते मालकाच्या पदवीतून पोचले.

आता पैशाचा हिशेब बघा. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली. गुलामांना एक पैसाही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. दुसऱ्या अर्ल ऑफ हेअरवुडला बार्बाडोस आणि जमैकातल्या १,२७७ माणसांबद्दल सुमारे २६ हजार ३०० पौंड मिळाले. या भरपाईसाठी सरकारने काढलेले कर्ज पूर्ण फिटले २०१५ मध्ये. २०१८ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने ही गोष्ट समाजमाध्यमावर अभिमानाने सांगितली आणि टीका झाल्यावर ती पोस्ट काढून टाकली. टीका का झाली? १९५६ पासून लंडनच्या वाहतूक खात्याने थेट बार्बाडोसमधून कामगार भरती केली होती. हे कामगार आणि त्यांची मुले ब्रिटनमध्ये कर भरत होती. म्हणजे गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी मालकांच्या भरपाईचे कर्ज फेडले. लॅसेल्स घराण्याने बार्बाडोसमधली शेवटची जमीन विकली ती १९७५ मध्ये. गोष्ट फार जुनी नाही.

या स्थलांतराबरोबर हेअरवुड आडनाव इंग्लंडला परत आले. प्रसिद्ध अभिनेते डेव्हिड हेअरवुड यांचा जन्म १९६५ चा, बर्मिंगहॅमचा, आईवडील बार्बाडोसचे. त्यांचे पूर्वज लॅसेल्स घराण्याच्या मळ्यावर गुलाम होते. २०२१ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्ताने ते त्या वाड्यात गेले आणि आजचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स यांना समोरासमोर भेटले. २०२३ मध्ये त्यांचे छायाचित्र-व्यक्तिचित्र त्याच वाड्यात लावले गेले. ज्या भिंतींवर पिढ्यानपिढ्या मालकांची चित्रे होती, तिथे पदवीचे नाव आडनाव म्हणून वाहणारा माणूस आला. त्याच वर्षी हे अर्ल गुलामगिरीतून श्रीमंत झालेल्या घराण्यांच्या वारसांच्या एका गटात सामील झाले. हा गट भरपाईच्या मागणीला पाठिंबा देतो. एवढ्याने न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण मालकाच्या वारसाने वही उघडली, ‘हे आमच्या घरात घडले’ असे मान्य केले. आपल्याकडे किती वतनदार घराण्यांनी वही उघडली आहे? कोणत्या वाड्यात वेठबिगारांच्या वारसाचे चित्र लागले आहे?

आणखी एक मुद्दा, कारण ‘तिकडे सगळे समान’ हेही खोटे आहे. ग्रेगरी क्लार्क आणि नील कमिन्स या अभ्यासकांनी ११७० ते २०१२ पर्यंतच्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची दुर्मीळ आडनावे तपासली. वरच्या स्तरातली नावे शतकानुशतके वरच टिकून राहिलेली दिसली. क्लार्क याचे कारण रक्तात शोधतात. आपण त्यांचे आकडे घ्यावेत आणि तो निष्कर्ष नाकारावा. हेअरवुडचा वाडा रक्ताने बांधला असेल तर ते दुसऱ्यांच्या रक्ताने. टिकली ती जमीन, पदवी, भरपाई आणि शाळा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. बाबासाहेबांचे आडनावही गावावरून आलेले आहे. मूळ घराणे सकपाळ. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे गाव. त्यावरून आंबडवेकर आणि शाळेच्या वहीत आंबेडकर. हेअरवुड सोडून गेलेला तो हेअरवुड, आंबडव्याचा तो आंबडवेकर. घडण तीच. पण बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करणारे लेखन करून ठेवले आहे, आणि अस्पृश्यता अधिक वाईट का, हे त्यात मांडले आहे. गुलामाला निदान आपण गुलाम आहोत हे माहीत असते. अस्पृश्याला तर गुलामीचे भानही राहू नये अशी व्यवस्था केलेली असते. ‘आडनावाचा बाऊ का करता?’ हा मेसेज त्याच व्यवस्थेचे आजचे काम करतो.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे. ‘आमच्या आडनावाचे मूळ अमुक राजाशी’ असल्या शोधाच्या नादी लागू नका. आपल्यातलेही काहीजण त्यात वेळ घालवतात. आडनाव रक्त सिद्ध करत नाही. कोणी अमेरिकेतल्या माल्कम लिटलसारखे जुने आडनाव टाकून एक्स लावेल, कोणी आडनावच सोडेल, कोणी आहे तेच ताठ मानेने सांगेल. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण कोणीही आडनावाचा विषय काढला की तीन प्रश्न विचारायला शिका : हे नाव कोणाच्या वहीत लिहिले गेले? लेखणी कोणाच्या हातात होती? आणि त्या वहीमुळे जमीन कोणाला मिळाली, राबणे कोणाला मिळाले?

त्या मुलाने ग्रुपवर शेवटी एकच ओळ टाकली : “स्मिथचे सांगितलेत, आता हेअरवुडचेही सांगा.” अजून तरी कोणी उत्तर दिलेले नाही. हसणारे चेहरेही आले नाहीत.

जय भीम!