ग्रूव्ह मेटलचा ठेका आणि बदलापूरचे कान

ग्रूव्ह मेटल म्हणजे नुसता गोंगाट, सगळे बँड सारखेच वाजतात आणि आपली पोरं त्यांची नक्कल करतात. बदलापूर गावात हा विषय निघाला की हे तीन आक्षेप ठरलेले. ते घेणारी माणसं संगीताची वैरी नाहीत. कुणी भजनात पखवाज वाजवतं, कुणाची हयात हळदीच्या बेंजो पार्टीत गेली आहे. ज्यांना लय कळते त्यांनीच हे आक्षेप घ्यावेत याचं मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

गोंगाटाचं आधी पाहू. आवाज किती मोठा, हे स्पीकर ठरवतो. संगीत ठरवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मिरवणुकीतल्या डीजेला लागू आहे, तशीच मेटलच्या बँडलाही आहे, आणि असलीच पाहिजे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचे कार्यक्रम व्हायचे. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथल्या मोठ्या आवाजाच्या मैफली थांबल्या. रुग्णालयाच्या शेजारी तसं होणं रास्तच होतं. पण आवाज कमी केल्यावर मेटलमध्ये काही उरत नाही, हे म्हणणं खोटं आहे. हेडफोनवर, अगदी हळू आवाजातही, त्याची लय जशीच्या तशी ऐकू येते.

खरा वाद दुसऱ्या आक्षेपाचा आहे.

ऐंशीच्या दशकात थ्रॅश मेटल वेगामागे धावत होता. 1990 मध्ये टेक्सासच्या पँटेरा बँडचा ‘काउबॉइज फ्रॉम हेल’ आणि न्यू ऑर्लिन्सच्या एक्सहॉर्डरचा ‘स्लॉटर इन द व्हॅटिकन’ हे अल्बम आले. दोघांनीही जागोजागी वेग उतरवून आघाताला वजन दिलं आणि त्यातून ग्रूव्ह मेटल उभा राहिला. पहिला मान कुणाचा, यावर रसिक अजून भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही, कारण पँटेराचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतच नाही. गिटारवरचा डाइमबॅग डॅरेल आणि ड्रमवरचा विनी पॉल हे सख्खे भाऊ. एकाच्या उजव्या हाताचा फटका आणि दुसऱ्याच्या पायाचा आघात एकाच क्षणी पडतो. डॅरेलने व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरचे अँप पसंत केले. त्यामुळे त्याचा स्वर कोरडा आणि धारदार येतो, लगेच तुटतो आणि दोन आघातांमधली शांतताही कानाला जाणवते. पँटेराचं 1992 चं ‘वॉक’ हे गाणं ऐकून पाहा. त्यात प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात. आपल्या तालशास्त्रात याला तिश्र जाती म्हणतात. पखवाज वाजवणाऱ्याने दोन आवर्तनं हातावर मोजली तर त्याला ते लगेच सापडेल. दोन वर्षांनी याच बँडचा ‘फार बियाँड ड्रिव्हन’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला.

आता याच्या शेजारी व्हर्जिनियाच्या लॅम्ब ऑफ गॉडचा 2004 चा ‘अ‍ॅशेस ऑफ द वेक’ ठेवा. ड्रमर ख्रिस अ‍ॅडलरचे दोन्ही पाय रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, वळणांमागून धावतात. विनी पॉलसारखे ठाण मांडून बसत नाहीत. फ्रान्सच्या गोजिराचा रिफ तारांवरून ओरखडा काढत जातो, आणि त्या एका ओरखड्यावरून बँड ओळखू येतो. 26 जुलै 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सगळ्या जगाने हा बँड ऐकला. हे सगळे सारखेच वाजतात, असं म्हणणाऱ्याने ते पुरते ऐकलेले नाहीत.

आणि सेपुल्तुरा! ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचा हा बँड मला या साऱ्यांत मोठा वाटतो. मॅक्स कावालेराने गिटारच्या वरच्या स्वरांच्या दोन बारीक तारा काढूनच टाकल्या आणि चार तारांवर खर्ज वाजवला. 1993 च्या ‘केऑस ए.डी.’मध्ये ‘कायोवास’ ही रचना आहे. तिला तिथल्या आदिवासी जमातीचं नाव आहे आणि तीत विजेची गिटार नाही. 1996 च्या ‘रूट्स’साठी हे लोक शावांते आदिवासींकडे गेले, त्यांच्याबरोबर बसून गायले-वाजवले आणि ते ध्वनिमुद्रण अल्बममध्ये घेतलं. कार्लिन्योस ब्राउनची तालवाद्यंही त्यात आहेत. आदिवासी ढोल त्यांनी शोभेला लावला नाही. त्या तालाने इगोर कावालेराच्या ड्रमचीच चाल बदलली.

नकलेच्या आक्षेपाला उत्तर इथेच मिळतं. घराण्यातला शागीर्दही आधी गुरूची गायकी गिरवतो. तेवढ्यावरून त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. 2006 च्या सुमारास उभा राहिलेला मुंबईचा झिग्नेमा बँड ‘बॉर्न ऑफ युनिटी’ या अल्बमपर्यंत पोहोचला, भयानक मौतने दोन गायकांच्या गळ्यांवर आपला आवाज उभा केला, स्क्राइबने तेजा आणि मोगॅम्बो हे हिंदी सिनेमातले खलनायक अल्बमच्या नावात आणले. यांना नकलाकार म्हणणं अन्याय आहे. एक मात्र मान्य करतो: गिटारचा पोत अजून पुष्कळदा उसना असतो. पण त्यावर उपाय म्हणून गाण्याच्या मध्येच ढोल घुसडायचा, हेही मला पटत नाही. तेवढ्याने काही मराठी मेटल होत नाही.

आपल्याकडे द्यायला त्याहून मोलाचं काही आहे. ढोल-ताशात ताशाची तर्री भरभर चालते आणि ढोलाचा टोल तिच्याखाली संथ, जड पडतो. वेगाखाली ठेवलेला हा संथ आघात म्हणजे ग्रूव्ह मेटलचा प्राणच. हळदीला वाजणारा बेंजो म्हणजे वीज जोडलेला बुलबुलतरंग; त्याचा फाटका, करकरीत स्वर अंबरनाथपासून वांगणीपर्यंत लोकांना पाठ आहे. गिटारच्या फाटक्या आवाजाला परका म्हणणाऱ्यांच्या अंगणात तसलाच आवाज पिढ्यान् पिढ्या नाचवला गेला आहे. बदलापूरच्या पोराने डॅरेलचा अँप विकत घेण्याआधी त्या बेंजोवाल्याकडे बसून त्याची उठान आणि थांबण्याची जागा शिकावी. त्याचा स्वतःचा रिफ तिथून निघेल, असं मला मनापासून वाटतं.

पण वाजवायचं कुठे? सराव केला तर शेजारी दार ठोठावतात, आणि कार्यक्रम असतात ते वांद्रे-लोअर परळला. तिथून ड्रमचं सामान घेऊन रात्रीची कर्जत लोकल गाठायची म्हणजे अर्धा जीव त्यातच जातो.

म्हणून गावातल्या गणेशोत्सव मंडळांना माझी विनंती आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ, रात्री दहाच्या आत आणि डेसिबलची मर्यादा पाळून, इथल्या पोरांच्या बँडला द्या. आणि पखवाजवाल्या काकांनी त्या दिवशी पुढच्या रांगेत बसावं, मात्रा मोजाव्यात, आणि ठेका चुकला तर पोरांना तिथल्या तिथे सांगावं.