गोसेवेला हात हवेत

महाराष्ट्रात २०१५ साली संपूर्ण गोवंश हत्याबंदी लागू झाली. २०२४ साली देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा सन्मान लाभला. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णयही झाला. हे स्वागतार्हच होय. तथापि कायद्याने वाचलेल्या भाकड गाईचे शेण कायदा काढीत नाही. गोठा झाडणे, वैरण-पाणी करणे, जखमांना मलमपट्टी करणे यांसाठी माणसेच लागतात. मुंबईत १८३४ साली पांजरपोळाची स्थापना झाली, ती समाजातील दानशूरांच्या पुढाकाराने. वसुबारसेला सवत्स धेनूचे पूजन करणाऱ्या कुटुंबांनी महिन्यातील एक रविवार मुलाबाळांसह जवळच्या गोशाळेला द्यावा. गोमातेचा जयघोष करणारे कंठ पुष्कळ आहेत. उणीव आहे ती खराटा उचलणाऱ्या हातांची.